शाळेच्या गेटपासून दोनशे मीटर

शाळा घरापासून किती लांब असावी, हे शिक्षण हक्क कायद्याखाली महाराष्ट्राने केलेल्या २०११ च्या नियमांत लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत. एक किलोमीटर म्हणजे आठ वर्षांच्या पोराच्या चालीने पंधरा मिनिटं, रमतगमत गेलं तर वीस. तीन किलोमीटर सायकलवर साधारण तेवढ्याच वेळात होतात. लहान मुलं पायी येतील आणि मोठी झाल्यावर सायकलने येतील, असा साधा हिशेब या नियमांमागे दिसतो. हिशेबात चूक नाही. पण घर आणि शाळा यांच्या मधला रस्ता शिक्षण खात्याच्या हातात नाही. शहरात तो महापालिकेच्या पथ विभागाकडे असतो, गावात सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. त्यावरची वाहनं पोलिसांकडे आणि परिवहन खात्याकडे. त्या रस्त्याने रोज दोनदा जाणारं मूल यांतल्या कुणाच्याच कामाच्या यादीत ठळकपणे येत नाही.

पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या मोठ्या शाळेसमोर दुपारी बाराच्या सुमाराला उभं राहून पाहा. सकाळची पाळी सुटत असते, दुपारची भरत असते. गेटच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या तिरक्या लावलेल्या असतात, त्यांच्या मागे रिक्षांची रांग, रिक्षांच्या मागे व्हॅन. रिक्षावाले काका आपापल्या पोरांना नावाने हाका मारत असतात. कुणी बाबा मुलाला स्कूटरच्या पायाशी उभं करून गर्दीतच गाडी वळवून घेतात. फूटपाथवर भेळेची गाडी आणि विजेचा डीपी असतो, म्हणून आजीचा हात धरून निघालेली पहिलीतली मुलगी रस्त्यावर उतरते. आणि या सगळ्यातून एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा एकटा घरी निघालेला असतो. पट्टे केव्हाच पुसले गेलेल्या झेब्रा क्रॉसिंगपाशी तो थांबतो. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून मान पुढे काढून बघतो, एक पाऊल टाकतो, मागे येतो, पुन्हा टाकतो. कुणीही थांबत नाही. शेवटी तो पळत सुटतो.

मुलाला गाडीवर का सोडता, असं कुठल्याही पालकाला विचारलं तर उत्तर एकच येतं: रस्त्यावर एकटं सोडायचा धीर होत नाही. ही भीती खरी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८, म्हणजे दिवसाला सव्वीस. अशा देशात आई-बाप मुलाला स्वतः सोडायला जातात, यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. अडचण अशी की आपल्या मुलाला धोक्यातून वाचवण्यासाठी आपण जी गाडी काढतो, ती गेटसमोर पोचली की चालत येणाऱ्या दुसऱ्याच्या मुलासाठी धोका होते. मग तेही पालक गाडी काढतात. चालणारी मुलं दरवर्षी कमी होतात आणि शेवटी पायी येतात ती फक्त ज्यांच्या घरी गाडी नाही अशांची: धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी, वॉचमनचा मुलगा. रस्ता बिघडल्याची सगळ्यात मोठी किंमत त्यांच्याकडून वसूल होते, आणि गेटसमोर गर्दी करण्यात त्यांचा वाटा शून्य असतो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणं. रस्ता सुरक्षा सप्ताहात चित्रकला स्पर्धा होते, घोषवाक्यं होतात, वाहतूक पोलीस शाळेत येऊन भाषण देतात. यात वाईट काही नाही, पण यातून फार काही साधणारही नाही, आणि त्याचं कारण मुलांच्या वयात आहे. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६० च्या दशकात रस्त्यावरच्या लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. लहान मुलांना कितीही शिकवलं तरी आधुनिक वाहतुकीशी जुळवून घेण्याची क्षमता त्या वयात तयारच झालेली नसते, हा त्यांचा निष्कर्ष. मूल नियम पाठ म्हणून दाखवतं, पण चेंडू किंवा मैत्रीण दिसली की त्या क्षणी नियम त्याच्या मनातून जातो. हा हट्ट नव्हे आणि बेशिस्तही नव्हे. त्या वयाचा मेंदू असाच चालतो.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०११ साली आणखी एक गोष्ट दाखवली. समोरून येणारी गाडी डोळ्यांना क्षणाक्षणाला मोठी होत जाताना दिसते आणि त्यावरून आपण तिच्या वेगाचा अंदाज घेतो. मोठ्या माणसाला हे नकळत जमतं. प्राथमिक शाळेतल्या मुलांना मात्र ताशी साधारण ३२ किलोमीटरहून जास्त वेगाने येणारी गाडी आपल्याकडे येते आहे, हेच खात्रीने ओळखता येत नाही. त्यांना ती उभी असल्यासारखी वाटू शकते. त्यात उंचीची भर घाला. आठ वर्षांचं मूल जेमतेम सव्वाशे सेंटिमीटर उंच असतं. क्रॉसिंगच्या तोंडाशी एक मोठी गाडी उभी असली की मुलाला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्या चालकाला मूल दिसत नाही. दोघांनीही काळजी घेतली तरी दोघंही आंधळेच.

आता वेगाचा हिशेब करून पाहू, कारण सगळ्या विषयाचं मूळ तिथे आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत माणसाला एक सेकंद लागतो असं धरा. ताशी ३० किलोमीटरने चाललेली मोटार त्या सेकंदात आठ मीटर पुढे जाते आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबते. एकूण तेरा मीटर. तीच मोटार ताशी ५० किलोमीटरने चालली असेल, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ती चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे तेरा मीटरवर मूल रस्त्यात आलं, तर ३० च्या वेगाची गाडी त्याच्यासमोर थांबते आणि ५० च्या वेगाची गाडी वेग जराही कमी न होता त्याच्यावर आदळते. चालक तोच, ब्रेक तेच, मूल तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. ती कमी करण्याचा अधिकार राज्याला आहे. शाळेभोवती ती ३० च्या खाली आणल्याशिवाय बाकीचे उपाय तोकडे पडतात.

युरोपात जाऊन आलेली माणसं सायकलवरून शाळेत जाणारी डच पोरं बघून थक्क होतात आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून विषय संपवतात. ते खरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्सनेही आपल्यासारखाच मोटारींसाठी रस्ता मोकळा केला. शहरांतल्या जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, सायकलींचं प्रमाण झपाट्याने घसरलं. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेंहून जास्त मुलं होती. व्हिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी अशाच अपघातात गेली. १९७२ साली त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला आणि मथळा दिला, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. या मथळ्याचं नाव घेऊन देशभर चळवळ उभी राहिली. मार्तिए फान पुटेन ही तरुण बाई तिची पहिली अध्यक्ष झाली. पुढे ती युरोपीय संसदेवर निवडून गेली.

या चळवळीने काय केलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण त्यात मोठा पैसा किंवा तंत्रज्ञान नव्हतं. जिथे अपघात झाला तो चौक माणसांनी अडवला. रहिवाशांनी ठराविक दिवशी गल्ल्या बंद करून तिथे मुलांना खेळायला सोडलं, रस्त्यावरच टेबलं टाकून जेवणं केली. सायकलींचे मोर्चे निघाले. कार्यकर्ते मुलांना घेऊन पंतप्रधान योप देन औल यांच्या घरी गेले, गाणी म्हटली, सुरक्षित रस्ते मागितले आणि पंतप्रधानांनी बाहेर येऊन ऐकून घेतलं. १९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या, आणि लोकांनी आपलं शहर मोटारींशिवाय पाहिलं. डेल्फ्ट शहरात रस्त्याच्या मधोमध झाडं, बाकं आणि वळणं घालून गाडीला माणसाच्या चालीने चालायला लावणाऱ्या निवासी गल्ल्या तयार झाल्या होत्या. १९७६ साली त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. मग सायकलींसाठी वेगळे मार्ग, वस्त्यांत ३० ची मर्यादा, असं करत करत तीस-चाळीस वर्षं काम चाललं. २०१० साली तिथे रस्त्यावर मेलेल्या मुलांची संख्या १४ होती. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत डच मुलं वाहतुकीची परीक्षाही देतात. पण आज ती परीक्षा देणारं मूल तिच्यातला धडा ज्या रस्त्यावर गिरवतं, तो रस्ता आधी त्याच्या मापाने घडवलेला असतो.

डेन्मार्कमध्येही १९७० च्या दशकात मुलांच्या अपघातांचं प्रमाण फार होतं. त्यांनी १९७६ साली वाहतूक कायद्यातच लिहून टाकलं की शाळेच्या वाटेवर मुलांना वाहनांपासून जपणं ही पोलिसांची आणि रस्ते बांधणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी आहे आणि ती त्यांनी शाळांशी बोलून पार पाडायची. पाठोपाठ ओडेन्स शहराने प्रत्येक शाळेचे मार्ग तपासायला घेतले. जगभर ‘शाळेचा सुरक्षित मार्ग’ या नावाने जे कार्यक्रम चालतात, त्यांची सुरुवात तिथली.

रस्ता मुलाच्या मापाचा करायचा म्हणजे नेमकं काय? पहिली गोष्ट गतिरोधक. आपल्याकडे शाळेसमोर काहीच केलं नाही असं होत नाही, गतिरोधक घातलेला असतोच. पण तो कसा असतो हे एकदा खाली वाकून बघा. रात्रीतून डांबराचा ढीग ओतून केलेला, फूटभर रुंद, उभट. त्याने स्कूटरवरच्या आजोबांची कंबर दुखते, रिक्षातली पोरं आपटतात आणि दुचाकीवाले कडेच्या गटाराशेजारच्या फटीतून, म्हणजे नेमके मुलं चालतात तिथून, निघून जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत गोल गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. या मापाच्या उंचवट्यावरून ताशी २५ किलोमीटरने गेलं तर धक्का जाणवत नाही, वेग वाढवला की जाणवतो. तो कडेपर्यंत पोचला पाहिजे, आधी फलक पाहिजे, रात्री दिसेल असा रंग पाहिजे. साडेतीन मीटरांच्या टेपने कुणीही दहा मिनिटांत तपासू शकेल अशी ही गोष्ट आहे. टेप पुरली नाही तर गतिरोधक बरोबर असण्याची शक्यता जास्त.

याहून चांगला उपाय म्हणजे उंचावलेलं क्रॉसिंग. झेब्रा पट्ट्यांचा सगळा भाग फूटपाथच्या पातळीला उचलायचा आणि दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार द्यायचा. मग मूल सपाट चालत पलीकडे जातं आणि गाडीला चढून उतरावं लागतं. व्हीलचेअरवरच्या माणसाचं, पोटुशी बाईचं, गुडघे धरलेल्या आजीचं कामही त्यातच होतं. क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना फूटपाथ थोडा पुढे काढला की तिथे गाडी लावताच येत नाही, मूल उभ्या गाड्यांच्या आड न राहता पुढे येऊन उभं राहतं आणि ओलांडायचं अंतर दोन-तीन पावलांनी कमी होतं. कोपऱ्याची गोलाई हाही असाच न दिसणारा मामला. कोपरा मोठ्या गोलाईचा ठेवला की गाडी वेग न कमी करता वळते. तोच कोपरा आवळला की चालकाला ब्रेक मारावाच लागतो. कुठल्याही पोलिसाशिवाय, दिवसरात्र, पावसात, सुट्टीच्या दिवशीही हे काम चालू राहतं. मला स्वतःला रस्त्याच्या रचनेवर सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो याचसाठी.

फूटपाथबद्दलही मापं ठरलेली आहेत. किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, म्हणजे झाड, खांब, डीपी, टपरी सोडून उरलेली. उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नको. आपल्याकडे फूटपाथ अनेकदा गुडघ्याएवढा उंच करतात आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तोडतात. दहा पावलांवर चढा, दहा पावलांवर उतरा, असं झालं की माणूस कंटाळून रस्त्यावरून चालतो आणि मग ‘लोक फूटपाथ वापरतच नाहीत’ अशी तक्रार होते. दुचाक्या फूटपाथवर चढू नयेत म्हणून खांब रोवतात, तो प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली तर स्कूटरही जाते. तिथे रचनेचा इलाज संपतो आणि पोलिसाची पावती लागते. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, देशात असं धोरण आधी करणाऱ्या महापालिकांत पुण्याचं नाव आहे. २०१७ साली सायकल आराखडाही झाला. जंगली महाराज रस्त्याचा बदललेला फूटपाथ पाहिला की हे आपल्याकडे जमतं याची खात्री पटते. मला वाटतं, त्याच हातांनी पुढचं काम शाळांभोवतीच्या रस्त्यांचं घ्यायला हवं होतं.

पैशाचं कारण पुढे येतं तेव्हा नेदरलँड्सपेक्षा टांझानियाचा दाखला जास्त उपयोगी पडतो. दार-ए-सलाम हे शहर आपल्या ओळखीचं वाटेल असं आहे: मोटारसायकल-टॅक्सी, मिनीबस, कडेला बाजार, कमी फूटपाथ आणि पायी शाळेत जाणारी भरपूर मुलं. तिथे ॲमेंड नावाच्या संस्थेने आधी कोणत्या शाळांची जास्त मुलं जखमी होतात याची माहिती गोळा केली. त्या शाळांसमोर उभं राहून मुलं कुठून येतात, कुठे ओलांडतात, कुठे रस्त्यावर उतरतात हे पाहिलं. मग त्या त्या जागी हवं तेवढंच केलं: थोडा फूटपाथ, योग्य मापाचे गतिरोधक, झेब्रा, खांब, फलक. काही ठिकाणी सगळ्यात परिणामकारक काम ठरलं ते शाळेचं गेट हलवणं. मोठ्या रस्त्यावर उघडणारं गेट बंद करून मागच्या शांत गल्लीत नवं गेट काढलं. ज्या शाळांभोवती हे केलं तिथे मुलांच्या जखमी होण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी घटलं. २०१९ साली या कामाला वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा रॉस पुरस्कार मिळाला, आणि तो त्या पुरस्काराचा पहिलाच मानकरी होता. आपल्या किती शाळांना मागच्या बाजूला एक बंद, गंजलेलं गेट आहे, ते आठवून बघा.

इथवर बहुतेक शहराबद्दल बोललो. गावाकडचं चित्र वेगळं आहे आणि काही बाबतींत जास्त गंभीर. माध्यमिक शाळा बऱ्याचदा राज्यमार्गावरच्या मोठ्या गावात असते आणि वाड्या-वस्त्यांवरची मुलं तिथे येतात. सायकलने मुलींच्या शिक्षणात काय फरक पडतो याचा उत्तम पुरावा बिहारमध्ये आहे. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झालेली आढळली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. चांगली योजना आहे. पण त्या मुलीला सायकल मिळते आणि रस्ता तोच राहतो. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेले, त्याच रस्त्याने जातात. डांबराची कड तुटून खाली वीतभर खोल गेलेली असते, त्यामुळे मागून ट्रक आला की सायकल खाली घ्यावी तर पडायची भीती, न घ्यावी तर ट्रकची. रस्त्याचं चौपदरीकरण होतं तेव्हा गाव एकीकडे आणि शाळा दुसरीकडे अशी चिरफाड होते आणि पलीकडे जाण्याचा भुयारी मार्ग अर्धा किलोमीटर लांब, पावसाळ्यात पाण्याने भरलेला. तेवढा वळसा कुठलंही मूल घालत नाही, ते दुभाजकावरून उडी मारतं. जिथे मुलं ओलांडतात तिथेच ओलांडायची सोय हवी, आराखड्यात जिथे जागा उरली तिथे नव्हे. आणि सरकारने सायकल देताना तिच्यासोबत कडेला दोन मीटर पक्की साईडपट्टी दिली, तर ती सायकल बारावीपर्यंत टिकेल.

पुन्हा शहराकडे येऊ. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणखी एक गोष्ट करून पाहिली. शाळा भरताना आणि सुटताना गेटसमोरचा रस्ता थोडा वेळ गाड्यांसाठी बंद. ही कल्पना पुढे लंडन, पॅरिस अशी पसरली. पॅरिसने २०२० नंतर शाळांसमोरचे कितीतरी रस्ते असे बंद केले, काही कायमचे, आणि तिथे झाडं लावली. मार्च २०२५ मध्ये आणखी पाचशे रस्ते पादचाऱ्यांसाठी राखण्याच्या बाजूने तिथल्या मतदारांनी कौल दिला. मतदान कमी झालं होतं, हेही खरं. आपल्याकडे असं म्हटलं की दुकानदार, रहिवासी आणि पालक तिघेही नाही म्हणतील, असं वाटतं. पण लक्ष्मी रस्त्यासारख्या भर बाजारपेठेत ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि दिवसाचे बरेच तास तो रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा राहतो. तिथे जर ते होतं, तर शाळेसमोरच्या गल्लीत सकाळ-दुपार अर्धा-अर्धा तास का होऊ नये? सगळ्या शाळांना हे लागू पडणार नाही. बसमार्गावरच्या शाळेला नाहीच. पण आडगल्लीत गेट असलेल्या शेकडो शाळा आहेत, आणि त्यांना एक बॅरिकेड, एक वॉर्डन आणि पोलिसांची परवानगी एवढंच लागतं.

रस्ता खोदण्याआधी, काही न बांधता होण्यासारखी कामंही आहेत. गेटपासून दोनशे मीटरवर एखादं मंगल कार्यालय, मैदान किंवा रुंद गल्ली बघून तिथेच गाड्या थांबवायच्या आणि शेवटचे दोनशे मीटर सगळ्या मुलांनी चालायचं. सुटायच्या वेळा इयत्तेप्रमाणे दहा-दहा मिनिटांनी पुढे-मागे करायच्या. एका गल्लीतल्या दहा-बारा मुलांना दोन पालकांनी पाळीपाळीने चालवत न्यायचं. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं अशीच गटाने, ठरलेल्या वाटेने जातात. तिथे २०१२ साली कामेओका शहरात शाळेत निघालेल्या मुलांच्या गटात एक मोटार घुसली. त्यानंतर शाळा, पोलीस आणि रस्ते विभाग यांनी मिळून देशभरातल्या शाळांच्या वाटा चालून तपासल्या आणि सुधारणा हव्यात अशा सत्तर हजारांहून जास्त जागा काढल्या. तिघांनी एकत्र चालत जाणं, हा त्यातला महत्त्वाचा भाग. आपण त्यात मुलांनाही घ्यावं. पाचवीच्या वर्गाला घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे लाल खूण करायला सांगा. अभियंत्याच्या आराखड्यात नसतात अशा जागा त्यावर येतील: भटकी कुत्री बसतात तो कोपरा, उघडं चेंबर, आणि मुलींच्या नकाशावर ती टपरी, जिच्यासमोरून जायला त्यांना नको वाटतं.

हे सगळं कुणापुढे मांडायचं, हा प्रश्न मात्र सुटलेला आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खातं, स्थानिक स्वराज्य संस्था यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. म्हणजे ज्या सगळ्यांना एका टेबलाशी बसवायला हवं, त्यांना बसवण्याची तरतूद आधीच आहे. आज या समित्यांत, जिथे त्या भरतात तिथे, बसचं भाडं आणि अटेंडंट यांवर बोलणं होतं. चालत आणि सायकलने येणाऱ्या मुलांचा विषयही तिथे घेता येतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं, त्यामुळे मागणी करताना हात पसरायची गरज उरलेली नाही.

तुमचं मूल ज्या शाळेत जातं तिथे ही समिती आहे का, तिची बैठक केव्हा आहे, हे उद्या मुख्याध्यापकांना विचारा. पालकसभेत शाळेच्या वाटेचा विषय लेखी द्या. गतिरोधकाचं माप, पुसलेल्या झेब्राचा फोटो, मुलांनी काढलेला नकाशा सोबत जोडा आणि त्याची एक प्रत वॉर्ड ऑफिसला, एक वाहतूक शाखेला देऊन पोच घ्या. उत्तर येईपर्यंत एवढं तरी आपल्या हातात आहे: गाडी गेटपासून दोनशे मीटर अलीकडे थांबवा आणि तिथून पुढे मुलाबरोबर चालत जा.